बस म्हटलं की बसायचं

ज्यांच्या घरी म्हातारं, जाडं कुत्रं आहे आणि ते सकाळी उठताना कण्हतं, त्यांच्यासाठी हे लिहितेय. बाकीच्यांनी वाचायला माझी हरकत नाही. पण ‘एका कुत्र्यासाठी एवढं?’ असं ज्यांना आत्ताच वाटायला लागलं असेल त्यांनी इथेच थांबावं. आमच्या ओळखीत तसे पुष्कळ आहेत आणि त्यांच्याशी वाद घालून मी थकले आहे.

आमचा खंडू लॅब्रडॉर जातीचा. मुलगा कॉलेजात असताना त्याला शर्टाच्या आत लपवून घेऊन आला आणि दोन वर्षांत स्वतः नोकरीसाठी दिल्लीकडे निघून गेला. कुत्रा आमच्या गळ्यात पडला, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगत असे. आता तो दहा पार करून गेलाय, तोंडाभोवती पांढरा झालाय, आणि आमच्या गळ्यात पडला की आम्ही त्याच्या, हे मला सांगता येणार नाही.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्याभोवती फिरतं. मी साताऱ्याची, लग्न होऊन झाशीला आले. सासरची माणसं इथे कित्येक पिढ्यांपासूनची. घरात सण मराठी, स्वयंपाक मराठी, फडताळ आणि ताम्हन हे शब्दसुद्धा टिकलेले. बोलणं मात्र अर्धंमुर्धं. ह्यांचा जन्म इथला, शाळा इथली, रेल्वेतली नोकरीही इथलीच. ह्यांचं मराठी फाटकापर्यंत चालतं, रस्त्यावर पाऊल पडलं की हिंदी सुरू. आणि लाड करायचे असले किंवा घाबरले, की घरातसुद्धा हिंदीच. मुलाला मराठी समजतं, पण बोलायला लागला की मला दुसरीकडे बघावं लागतं.

म्हणून खंडू आला त्या दिवशी मी जाहीर केलं की निदान ह्याला तरी मी मराठी शिकवणार. बस, ऊठ, ये, थांब, सोड, चल. सगळं शिकला. बस म्हटलं की बूड जमिनीला टेकलंच, मग समोर मटणाचं हाडूक असलं तरी. या घरात माझं मराठी पहिल्या फटक्यात ऐकणारा तो एकटा.

फरशी

दिवाळी नुकतीच झाली होती. झाशीत थंडी एकदम पडत नाही, आधी फक्त फरशी गार लागायला लागते. बैठकीत आम्ही नव्या गुळगुळीत टाइल्स बसवून घेतल्या होत्या आणि मी त्यांच्यावर फार खूश होते.

त्या सकाळी मी चहा घेऊन आले तर खंडू उठायचा प्रयत्न करत होता. पुढचे पाय उभे राहिले, मागचे दोन बाजूंना घसरत गेले. पुन्हा प्रयत्न, पुन्हा तेच. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं वाटलं असतं. त्याने फक्त माझ्याकडे बघितलं, आणि मग स्वतःच्या पायांकडे बघितलं, जणू ते कुणी दुसऱ्याने तिथे ठेवले होते.

रिक्षात त्याला चढवायला तीन माणसं लागली. सदर बाजारच्या मागच्या गल्लीत एक तरुण डॉक्टरबाई जनावरांचा दवाखाना चालवतात, तिथे नेलं. एक्स-रे झाला. तो उजेडात धरून त्या मागच्या दोन्ही खुब्यांवरून बोट फिरवत राहिल्या. त्या वेळात मी भिंतीवरचं मांजराच्या लसीचं पत्रक दोनदा वाचलं.

“आंटी जी, पीछे के दोनों कूल्हे घिस गए हैं। उम्र है ही, पर उम्र से ज़्यादा वज़न ने बिगाड़ा है,” त्या म्हणाल्या. “खाने में क्या देते हैं?”

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे भिंतीवरचं पत्रक वाचायला लागले.

शेवटचा घास

ह्यांच्या घरची रीत अशी की ताटातला शेवटचा घास आपण खायचा नाही, तो कुत्र्याचा. सासरे असं करत, त्यांचे वडीलही करत. रीत चांगली आहे. फक्त तेव्हा दारात येणारं कुत्रं हाडकुळं असायचं आणि दिवसभर गावभर हिंडायचं. आमचा खंडू गाद्यांवर लोळत होता, आणि त्याचा घास म्हणजे तूप लावलेली पोळी, वर वरणात बुडवलेली. दोघांची दोन वेळची ताटं. शिवाय त्याचं स्वतःचं जेवण, शिवाय दुधाची साय, शिवाय शेजारचे दुबेजी फिरायला जाताना जे बिस्किट देत ते.

डॉक्टरबाईंनी सगळं बंद केलं. मोजून खाणं, त्यात उकडलेला दुधी आणि फरसबी, बाकी शून्य. वजन उतरलं नाही तर कुठलंही औषध फार दिवस पुरणार नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

पहिले दिवस वाईट गेले. खंडू ह्यांच्या ताटासमोर येऊन उभा राहायचा आणि हे चावता चावता थांबायचे. मग हे ताट घेऊन स्वयंपाकघरात जायला लागले, ओट्याशी उभ्याने जेवायला लागले. एकदा धुवायच्या सदऱ्याच्या खिशात मला पोळीचे तुकडे सापडले.

“हे काय?” मी विचारलं.

“शेवटचा घास आहे. तो टाकायचा कुठे?”

“तुमच्या प्रेमाने तो मरेल,” मी म्हणाले. मला तोडून बोलायची सवय आहे, ह्यांना ती ऐकून घ्यायची. मग घास गच्चीवर कावळ्यांना जायला लागला. कावळ्यांचं वजन वाढलं असेल तर ते मला माहीत नाही.

जे उपयोगी पडलं

बडा बाजारातून जाड सतरंज्या आणल्या आणि माझ्या लाडक्या टाइल्स झाकून टाकल्या. खंडूच्या झोपायच्या जागेपासून पाण्यापर्यंत आणि पाण्यापासून दारापर्यंत सलग वाट केली, खाली न सरकणारं रबर घालून. एवढ्यानेच पाय घसरायचे थांबले. तुमच्या घरी चकचकीत फरशी असेल तर औषधाच्याही आधी हे करा.

नखं कापून घेतली, पंजातले वाढलेले केस कापले. पाण्याचं भांडं पाटावर ठेवलं म्हणजे मान फार वाकवावी लागत नाही. जिना बंद. सकाळी उठायच्या आधी गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून कमरेवर आणि मांड्यांवर. आधी आपल्या मनगटाला लावून बघायची, कारण चटका बसला तर त्याला सांगता येत नाही. मग हलक्या हाताने चोळणं. हे काम माझं होतं. चोळताना तो डोळे मिटायचा आणि मी त्याला साताऱ्याच्या गोष्टी सांगायचे. कुणाला तरी त्या मराठीत सांगता येत होत्या, हे सुख होतं.

आणि एक धोक्याची गोष्ट. ह्यांची स्वतःची गुडघेदुखीची गोळी असते. एकदा हे तिचा अर्धा तुकडा करून खंडूसाठी गुळात कालवत होते. मी हात धरला आणि डॉक्टरबाईंना फोन लावला. त्या फोनवर ओरडल्याच. माणसाच्या दुखण्यावरच्या गोळ्या कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतात. तेव्हा घरातली गोळी मनाने देऊ नका. आणि डॉक्टरांनी दिलेली मनाने वाढवूही नका.

वाट लहान होत गेली

औषधाने दुखणं कमी झालं. उठताना कण्हणं मागे पडलं. मग डॉक्टरबाईंनी चालायला सांगितलं. थोडं थोडं, पण रोज, नाहीतर सांधे आणखी आखडतात. माझ्या जुन्या सुती साडीची घडी करून ती त्याच्या पोटाखालून घ्यायची आणि मागचा भार हाताने थोडा उचलून धरायचा, असं त्यांनी शिकवलं. माझी कंबर तेवढं वजन पेलत नाही, म्हणून हे काम ह्यांच्याकडे आलं. नोकरीत असताना ह्यांनी खंडूला कधी फिरवलं नव्हतं. आधी मुलगा फिरवायचा, मग मी.

पहिल्या आठवड्यात दोघं रस्त्याच्या टोकाच्या ट्रान्सफॉर्मरपर्यंत गेले. मग दुबेजींच्या दारापर्यंत. मग आमच्याच कुंपणाच्या कोपऱ्यापर्यंत. थोडं चालला की खंडू मटकन बसायचा. त्याला उठवताना त्याच्या घशातून आवाज निघायचा. पुन्हा चार पावलं, पुन्हा बसायचा.

“पाय साथ सोडतायत गं त्याचे,” हे म्हणाले.

“माझ्याबरोबर मागच्या अंगणात तर तो बसत नाही. सगळे कोपरे हुंगून येतो.”

“म्हणजे मी खोटं बोलतोय का?”

“मी असं म्हटलं का?”

असं आम्ही बोलायला लागलो होतो. चाळीस वर्षांच्या संसारात इतकं तुटक बोलणं झालं नव्हतं. सकाळ झाली की मी खिडकीशी जायचे. मी पडद्याआडून बघायचे आणि ह्यांच्या पाठीवरून मला कळायचं की खंडू पुन्हा बसला.

हे फिरून आले की खंडूचे पाय पुसायचे आणि त्याच्याशेजारी सतरंजीवरच बसून राहायचे, वर्तमानपत्रसुद्धा न उघडता.

शेवटी मी डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या की दुखणं कमी होऊनही मागचे पाय जर असे जात असतील तर गोष्ट कण्यापर्यंत गेली असेल. नसा. तसं असलं तर पुढे तो स्वतःच्या घाणीत पडून राहील. “ले आइए, देखते हैं। पर घर में बात कर लीजिए कि कहाँ तक खींचना है,” त्या हळू आवाजात म्हणाल्या.

मुलाला फोन केला. “आई, त्याला तकलीफ नको देऊ,” तो म्हणाला आणि पुढे त्याला बोलता येईना, हिंदीतही नाही.

मी ह्यांना सांगितलं की त्याला कायमचं झोपवणं मला मान्य नाही. शेपूट हलते, भूक लागते, दाराची कडी वाजली की कान उभे राहतात. हे ऐकत होते. मग ह्यांचा आवाज चढला. “अब बस. बहुत हो गया. मला नाही बघवत,” हे म्हणाले.

दारात उभा असलेला खंडू त्याच क्षणी खाली बसला. मला वाटलं, तोही थकला.

दवाखान्यात

निघायच्या आधी ह्यांनी त्याला ताटातला शेवटचा घास दिला, तूप लावून. मी काही बोलले नाही. त्यावरून मला कळलं की मनातून मीही हरले होते.

हे आत गेल्या गेल्या म्हणाले, “डॉक्टर साहिबा, हम तय करके आए हैं।”

त्यांनी मान हलवली. पण आधी खाली बसून खंडूचा मागचा पंजा उलटा करून जमिनीवर ठेवला. खंडूने तो सावकाश सुलटा केला. दुसरा पंजा. तोही. त्यांनी पुन्हा करून बघितलं.

“अजीब है,” त्या म्हणाल्या. “नस इतनी ख़राब होती तो पंजा सीधा न करता। अंकल जी, ज़रा चलाकर दिखाइए।”

दवाखान्याच्या व्हरांड्यात रबराची चटई होती. ह्यांनी साडीची घडी पोटाखालून घेतली. खंडू उभा राहिला, चालायला लागला आणि थोड्या अंतरावर बसला. हे माझ्याकडे न बघता त्याला उठवायला वाकले. तो कण्हला, उठला, पुन्हा चालला, पुन्हा बसला.

तिसऱ्यांदा मला बघवेना. मी डोळे मिटून घेतले. इतके दिवस मी पडद्याआडून, काचेआडून फक्त बघत आले होते. त्या दिवशी पहिल्यांदा मी नुसतं ऐकलं.

“शाबाश बेटा. चल मेरा राजा. बस, बस थोड़ा-सा और, बस.”

आणि चटईवर धप्प असा आवाज.

मी डोळे उघडले. “तुम्ही बोलू नका,” मी म्हणाले.

“काय?”

“एक अक्षर बोलू नका. त्याचा पट्टा माझ्याकडे द्या.”

हे माझ्याकडे बघत राहिले. मी पट्टा घेतला. वाटत होतं तसं नसलं तर? म्हातारं मन कुठल्याही आशेला लटकतं. “खंडू,” मी म्हणाले, “ऊठ.”

तो तुकड्यातुकड्यांनी उठला. आधी पुढचं अंग, मग एक मांडी, मग दुसरी.

“चल.”

कुणी बोललं नाही. खंडू चालला. लंगडत, कंबर हेलकावत, पण चालला. व्हरांड्याचं टोक आलं, तिथे ठेवलेली कुंडी त्याने हुंगली, वळला आणि निम्मा परत आला. तेवढ्यात आतून एक माणूस मोठा कुत्रा घेऊन बाहेर येत होता. त्याला अडवायला काउंटरवरची मुलगी ओरडली, “बस भैया, बस, वहीं रुकिए।”

खंडू बसला.

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे बघितलं. “हमारी बोली में बस माने बैठो,” मी म्हणाले. “ये मराठी जानता है।”

त्यांना हसू आलं आणि लगेच गेलं. त्यांनी चष्मा काढला. “मतलब रोज़ इतनी बार इसको बैठाया-उठाया गया? आंटी जी, इस बीमारी में सबसे ज़्यादा तकलीफ़ उसी में होती है। और ये हर बार बैठता रहा?”

हो. दर वेळी. खंडू तरुण असताना ह्यांच्या तोंडून बस निघालं तर तो टुणकन बसत असेल आणि टुणकन उठत असेल, कुणाच्या लक्षात येणार? आता बसणं म्हणजे दोन झिजलेल्या सांध्यांवर चाळीस-एक किलो टाकणं. तरी बस म्हटलं की तो बसला, कारण मी त्याला तसं शिकवलं होतं, आणि ह्यांनी जितक्या वेळा मायेने धीर दिला तितक्या वेळा बसला.

हे बाकावर बसले. “मी त्याला शाबासकी देत होतो गं,” म्हणाले, आणि भर दवाखान्यात रडले. मीही रडले. खंडू आमच्याकडे बघत तिथेच बसून होता, कारण त्याला अजून कुणी ऊठ म्हटलं नव्हतं.

आता

ही गोष्ट ऐकून लोक हसतात. हसू दे. पण कुणी असं समजू नका की शब्द बदलला आणि कुत्रा बरा झाला. सांध्यातली झिजलेली कूर्चा परत येत नाही. डॉक्टरबाईंनी त्या दिवशी ते शेवटचं इंजेक्शन दिलं नाही, एवढंच सांगितलं की वजन उतरवा, मग बघू. आम्ही अजून ‘मग बघू’ मध्येच आहोत. थंडीच्या सकाळी तो अजून आखडतो. तो दिवस एकदा येणार आहे, आणि तेव्हा मला ह्यांच्याशी भांडता येणार नाही हेही मला माहीत आहे.

माझं सांगणं इतकंच की म्हाताऱ्या जनावराला तुम्ही दिवसभर काय बोलता ते एकदा डोळे मिटून ऐका. त्याला तुमच्या मनातलं कळत नाही, कानावर पडतं तेच कळतं.

ह्यांना बस सोडायला फार जड गेलं. साठ वर्षांची जीभ. आधी हे तोंड मिटून फिरवायचे, मौन धरल्यागत. मग एकदा संध्याकाळी जेवताना मी भात वाढत होते आणि हे म्हणाले, “पुरे.” आणि थबकले. “आई असंच म्हणायची ना? पुरे हो, पुरे.” दुसऱ्या दिवसापासून खंडूला धीर द्यायला तो शब्द आला. शाबास, थोडंसं आणखी, मग पुरे. जरा अडखळत म्हणतात, पण म्हणतात.

वजन उतरतंय. हात फिरवला की बरगड्या बोटांना लागायला लागल्यात, ज्या मी कित्येक वर्षांत शोधल्या नव्हत्या. साडीची घडी आता क्वचित लागते. परवा सकाळी दोघं ट्रान्सफॉर्मरपर्यंत जाऊन परत येत होते आणि मी फाटकात उभी होते. दुबेजी स्कूटर बाहेर काढत होते. त्यांनी हात वर केला. “बस भैया, हो गई सैर?”

खंडू थांबला. त्याचं मागचं अंग खाली जायला लागलं. अर्ध्यावर अडलं. त्याने मान वर करून ह्यांच्याकडे बघितलं.

या रस्त्यावर हे लहानाचे मोठे झाले. खंडूच्या कानाशी म्हटलेलं पुरे सोडलं तर इथे ह्यांच्या तोंडून मराठीचा एक शब्द कुणी ऐकला नसेल. हे खाली वाकले आणि दुबेजींच्या देखत चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाले, “तुला नाही म्हणाले ते, खंडू. चल, घरी जाऊ.”

खंडू उभा राहिला आणि घरी आला.